भारतात इलेक्ट्रिक गाड्या बनतात, मग त्यांच्या बॅटरीतले लिथियम-आयन सेल अजून बाहेरून का येतात? जम्मूत तर लिथियमही सापडलंय ना?

जम्मूपासूनच सुरुवात करतो, कारण हा प्रश्न निघाला की प्रत्येकजण आधी तिकडे बोट दाखवतो. रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा साठा असल्याची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. पण तो शोधाच्या प्राथमिक टप्प्यातला अंदाज आहे, आणि तोही खनिजाचा, शुद्ध लिथियमचा नव्हे. उद्या तिथे खाण सुरू झाली तरी त्यामुळे इथे सेल बनू लागतील असं नाही. १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती सोनीने, आणि जपानकडे लिथियमच्या खाणी नव्हत्या. खरी अडचण कारखान्यात आहे.

मी बॅटरी पॅक, म्हणजे अनेक सेल जोडून गाडीत बसवायची पूर्ण बॅटरी, बनवण्याच्या कामात आहे. आमच्याकडे तयार सेल खोक्यांतून येतात. प्रत्येकाचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजायचा, जुळणारे सेल एकत्र लावायचे, सेलना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या (बसबार) वेल्ड करायच्या, बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा (बीएमएस) जोडायची, पॅक सील करून आत पाणी शिरतंय का ते तपासायचं. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या घटनांनंतर सरकारने एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ ही बॅटरीच्या सुरक्षिततेची मानकं कडक केली आणि आमच्या चाचण्या वाढल्या. ते योग्यच झालं. हे काम आता आपल्याकडे चांगलं होतं. पण पॅकच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा सेलचा असतो, आणि तो पैसा बाहेर जातो.

सेल बनवण्याची एक लाईन मला जवळून पाहायला मिळाली, तेव्हा हे का अवघड आहे ते नीट कळलं. ॲनोडसाठी, म्हणजे सेलच्या ऋण बाजूसाठी, तांब्याची फॉइल वापरतात, जाडी साधारण ६ ते १० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्या फॉइलवर दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइटच्या पातळ लगद्याचा (स्लरीचा) लेप देतात, भट्टीतून वाळवतात, जड रोलरखाली दाबतात आणि मग पट्ट्या कापतात. लेप एखाद्या ठिकाणी पातळ राहिला तर चार्जिंगच्या वेळी तिथे धातुरूप लिथियम साचू शकतं. कापताना कडेला धातूची बारीक टोकदार कुसळ (बर) राहिली तर ती सेपरेटर, म्हणजे सेलच्या ऋण आणि धन बाजूंना वेगळं ठेवणारा पातळ पडदा, भेदू शकते. मी पाहिलं तेव्हा ऑपरेटर पट्टीची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघत होता, आणि त्याला न आवडलेला सगळा रोल बाजूला गेला.

पुढचं काम ड्राय रूममध्ये, म्हणजे अगदी कोरडी हवा ठेवलेल्या खोलीत. तिथल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) उणे ४० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावा लागतो, कारण सेलमधल्या द्रवातल्या (इलेक्ट्रोलाइटमधल्या) लिथियमच्या क्षाराला ओलावा लागला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. माणसाच्या श्वासातूनही ओलावा येतो, म्हणून आत किती जण असावेत हे ठरलेलं. मला आत सोडण्यासाठी एक ऑपरेटर बाहेर आला.

यानंतर फॉर्मेशन. सेल पहिल्यांदा अगदी हळू चार्ज करतात, ग्रॅफाइटवर एक संरक्षक थर बसू देतात, मग सेल ठेवून देतात आणि व्होल्टेज किती उतरतोय ते बघतात. यात बरेच दिवस, कधी आठवडे जातात. म्हणजे कोटिंगमध्ये आज झालेली चूक कळते फार उशिरा, आणि तोवर त्याच चुकीचा माल लाईनवरून येतच राहिलेला असतो. नव्या कारखान्यांचं सुरुवातीला इतकं स्क्रॅप निघतं ते यामुळे. यंत्रं विकत मिळतात, पण कोणत्या दोषाचं मूळ कुठल्या टप्प्यात आहे हे ओळखणारी माणसं लाईन चालवूनच तयार होतात. इस्रोने स्वतःचं सेल तंत्रज्ञान २०१८ मध्येच उद्योगांना देऊ केलं होतं. सेल बनवता येणं आणि रोज लाखो सेल एकसारखे बनवता येणं यात फार अंतर आहे.

मे २०२१ मध्ये केंद्राने सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनावर आधारित प्रोत्साहन) योजना मंजूर केली, लक्ष्य वर्षाला ५० गिगावॅट-तास क्षमतेच्या सेलचं. त्यातला अगदी थोडा भाग प्रत्यक्ष उत्पादनाला लागलाय. दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशात व्हावं अशी अट होती. ही अट मला पटते, पण दोन वर्षांची मुदत पहिल्यांदाच सेल बनवणाऱ्यांसाठी फार कमी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

कच्च्या मालासाठीही आपण बाहेरच्यांवरच अवलंबून आहोत. बॅटरीच्या दर्जाचं ग्रॅफाइट ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होतं, कॅथोडसाठी, म्हणजे सेलच्या धन बाजूसाठी, लागणारी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पावडरही जवळजवळ सगळी तिथलीच. एक्साइड या भारतीय बॅटरी कंपनीने सेलसाठी चीनच्या एसव्होल्टचं तंत्रज्ञान घेतलं, अमरा राजाने चीनच्याच गोशनच्या समूहातल्या कंपनीचं. जुलै २०२५ मध्ये चीनने कॅथोड बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा हे अवलंबित्व किती खोल आहे ते दिसलं. एलएफपीचं मूळ संशोधन १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालं आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय होते. मला ही गोष्ट लागते.

तरी मी निराश नाही, आणि त्याचं कारण हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्या आहेत. गुजरातेत हंसलपूरला तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांचा संयुक्त कारखाना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे हायब्रिड बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं (ॲनोड आणि कॅथोडचं) उत्पादन सुरू झालं आणि बॅटरीच्या मूल्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग आता देशातच तयार होईल असं जाहीर झालं. हायब्रिडची बॅटरी लहान असते, पण वर सांगितलेलं कोटिंग, वाळवणं, कापणं हे सगळं तिच्यासाठीही करावंच लागतं. हे शिकलेले तंत्रज्ञ पुढे मोठ्या सेलच्या लाईनवर उपयोगी पडतील.

म्हणून एखादी कंपनी 'स्वदेशी बॅटरी' म्हणाली, तर इलेक्ट्रोडचं कोटिंग कुठे होतं एवढं विचारून बघा. उत्तर देशातलं असेल, तर सेल खरोखर इथे बनतोय.