ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स किती सुरक्षित असतात?

तुम्ही विचारलंय, क्रोममध्ये चौदा एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स) झालीत, त्यात एक मराठी टायपिंगचंही, सगळ्यांना रेटिंग चांगलं आहे, मग घाबरायचं कशाला?

कारण रेटिंग जुन्या मालकाचं असू शकतं. माझं लालबागला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आमच्याकडे पागडीची खोली दुसऱ्याच्या हातात जाते, तरी दारावरची पाटी कित्येक वर्षं तीच असते. एक्स्टेन्शनचंही तसंच. न वापरलेले टॅब झोपवून रॅम वाचवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरायचे. २०२० साली ते विकलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून ते बंद केलं. अपडेट आपोआप येतं. सगळ्या साइट्स वाचायची परवानगी आधीच देऊन ठेवलेली असेल, तर नवा मालक तुम्हाला काही विचारायला येत नाही.

माझ्याकडे ऐन जूनमध्ये, अकरावीच्या फॉर्मची रांग लागलेली असताना, सर्च भलत्याच पानावर जायला लागलं. एकेक बंद करत गेलो, सहावं निघालं ते पीडीएफवालं. गिऱ्हाइकांचे आधार, डोमिसाइल, सगळं त्याच मशीनवर. त्या रात्री झोप नाही लागली.

आता माझ्याकडे दोनच आहेत. एक पासवर्ड मॅनेजर, दुसरं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, तेही फायरफॉक्सवर. क्रोमने एक्स्टेन्शन्ससाठीचे नवे नियम, मॅनिफेस्ट व्ही३, सक्तीचे केल्यापासून ते तिथे चालत नाही, त्याचं ‘लाइट’ रूप चालतं. नावातलं ‘ओरिजिन’ बघून घ्या, नुसतं ‘यूब्लॉक’ वेगळं आहे. बँकेसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल काढा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. बाकी जी ठेवाल त्यांच्या डिटेल्समध्ये साइट ॲक्सेस ‘ऑन क्लिक’ करा, म्हणजे तुम्ही बटण दाबाल तेव्हाच ते पान वाचेल.

फोटोचे केबी कमी करणाऱ्या, पीडीएफ जोडणाऱ्या साइट्सचं तर विचारूच नका. आधार कुणाच्या सर्व्हरवर गेलं, काय कळणार? फोटो पेंटमध्ये रिसाइझ होतो. जेपीजी स्कॅन जोडायचे असतील तर सगळे एकत्र निवडून राइट क्लिक, प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’. एकच फाइल तयार होते. नेटसुद्धा लागत नाही. (गिऱ्हाईक मात्र म्हणतं, “दादा, त्या साइटवर पटकन होतं!”)

आणि तुमच्या यादीतलं मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन सगळ्यात आधी काढा. तुम्ही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्याच्या हातातून जातं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच. लँग्वेज सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा, पाच मिनिटांचं काम.