आजोबांची गिब्सन: नुसत्या नंबरावर जाऊ नका

प्रश्न असा आहे की आजोबांची ॲकूस्टिक गिब्सन, म्हणजे अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची गिटार, घरात आली आहे, हेडस्टॉकमागे (किल्ल्या असतात त्या डोक्यामागे) सहा आकडी नंबर ठोकलाय, तर ती कोणत्या सालची आणि किंमत किती?

आधी हेडस्टॉकवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचा. आपल्याकडे कोलकात्यात बनलेल्या, नावाने जवळपास तशाच ‘गिवसन’ गिटारी खूप निघतात. त्यात कमीपणा काही नाही, कित्येकांचा हात त्यावरच बसलाय. पण भाव वेगळा.

गिब्सनच निघाली तरी नुसत्या नंबरावरून साल ठरत नाही. १९६१ ते १९६९ या काळात कंपनीने तेच नंबर पुन्हा पुन्हा ठोकले. नंबराजवळ ‘मेड इन यूएसए’ असा ठसा असेल तर १९७० नंतरची, नसेल तर बहुधा साठच्या दशकातली.

मग नटची, म्हणजे हेडस्टॉकखाली तारा ज्या खाचांतून जातात त्या आडव्या पट्टीची, नेकच्या (गिटारीच्या दांड्याच्या) आडव्या दिशेने रुंदी मोजा, पट्टीने नको, कॅलिपरने. जवळपास ४३ मिलिमीटर भरली तर बहुतेक १९६५ च्या आधीची. ४० च्या आसपास भरली तर १९६५ ते ६८ मधली. या तीन मिलिमीटरवर भाव चांगलाच खाली येतो, कारण अरुंद नेक वाजवणाऱ्यांना नको असतो. नेक जिथे संपून हेडस्टॉक सुरू होतो तिथे मागे उंचवटा लागला, तर सत्तरचं दशक धरा.

तिथेच बोट फिरवून सांधलेली चीर आहे का बघा. गिब्सन पडली की बहुतेक वेळा तिथेच मोडते, आणि दुरुस्ती कितीही सफाईची असली तरी किंमत साधारण निम्मी होते. पुन्हा पॉलिश केलेल्या गिटारीचंही तेच. नोटा तपासायचा यूव्ही दिवा अंधारात धरलात तर जुनं लॅकर पिवळट-हिरवट उजळतं, मागाहून मारलेले हात काळपट दिसतात.

किंमत बघताना रिव्हर्बवर (जुनी-नवी वाद्यं विकायची वेबसाइट) लोक मागतात तो आकडा सोडा, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचा बघा. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर एक भानगड आहे: फ्रेटबोर्ड (नेकवर बोटं दाबतो ती फळी) ब्राझिलियन रोझवूडचा असेल तर साइट्सच्या (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याशिवाय ती देशाबाहेर जात नाही.

आणि कृपा करून चकचकीत करायला कुणाकडे देऊ नका. तारा पिळायच्या किल्ल्या गंजल्या असतील तर गंजू द्या. बदललेल्या असतील तर जुन्या किल्ल्या गिटारीच्या पेटीच्या कप्प्यात आहेत का शोधा. तारा थोड्या सैल करा, ब्रिजमागे (तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीमागे) फळी फुगली आहे का ते आडवं बघा आणि तिथला, नटचा नि नंबराचा असे तीन फोटो टाका. तेवढ्यावर पुढचं सांगतो.