मेक्सिकोचा सगळ्यात भारी बेसबॉल खेळाडू कोण आणि त्याचं करिअर कसं होतं?

माझं उत्तर फर्नांडो वालेन्झुएला. डावखुरा पिचर (म्हणजे बेसबॉलचा बॉलर), मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या खेड्यातला, बारा भावंडांतलं शेंडेफळ. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस डॉजर्स टीमचा स्काऊट (नवे खेळाडू हेरणारा) माइक ब्रिटो गेला होता भलत्याच एका शॉर्टस्टॉपला (फिल्डरची एक जागा) बघायला, आणि तिथे हा गोलमटोल पोरगा त्याच्या नजरेत भरला. १९७९ मध्ये डॉजर्सनी त्याला घेतलं.

तिकडे डॉजर्सच्याच पिचर बॉबी कॅस्टिलोने त्याला स्क्रूबॉल शिकवला. क्रिकेटवाल्यांनी गुगलीचा भाऊ समजा, मनगट उलटं फिरवायचं आणि बॉल नेहमीच्या कर्व्हच्या उलट दिशेला वळतो. यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघा, पाय उचलला की बॉल सोडायच्या आधी हा चक्क आभाळाकडे बघतो! मी तेवढंच चार-पाच वेळा मागे नेऊन बघितलंय.

१९८१ ची पहिलीच मॅच, ठरलेला पिचर जेरी रॉइस जायबंदी म्हणून याला उतरवलं, वय फक्त २०, आणि पठ्ठ्याने ह्यूस्टनला शून्यावर ठेवलं. ती धरून सलग आठ विजय, त्यातल्या पाच मॅचमध्ये समोरच्यांना एकही रन नाही. रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि साय यंग (सर्वोत्तम पिचर) हे दोन्ही अवॉर्ड एकाच सीझनला मिळवणारा आजवर हा एकटाच. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, न्यूयॉर्कचे यांकीज २-० ने पुढे होते, तिसऱ्या मॅचला याची लय पार बिघडलेली, सात वॉक दिले (चुकीचे बॉल टाकून बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं), तरी शेवटपर्यंत टाकत राहिला आणि ५-४ ने मॅच काढली, सिरीज पण डॉजर्सनीच नेली.

आणि डॉजर्सचं स्टेडियम जिथे आहे तिथल्या मेक्सिकन कुटुंबांना १९५० च्या दशकात घरातून काढलं होतं, त्यामुळे तो राग बऱ्याच जणांच्या मनात होता. इंग्रजी धड न येणाऱ्या या पोरासाठी तीच माणसं स्टेडियममध्ये यायला लागली.

पण टीमने त्याला वापरून घेतला असं माझं स्पष्ट मत. १९८२ ते ८७ दरवर्षी अडीचशेच्या वर इनिंग (एका इनिंगमध्ये समोरचे तीन जण बाद करायचे), खांदा किती दिवस टिकणार? ८८ ला गेलाच. १९९० मध्ये नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही) टाकला तरी पुढच्याच मार्चमध्ये त्याला काढून टाकलं. मग मेक्सिकन लीग, सॅन डिएगो पाद्रेस टीमकडून १९९६ ला १३ विजय असं करत १९९७ पर्यंत खेळला. एकूण १७३ विजय, १५३ पराभव, म्हणून हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) नाही.

डॉजर्सनी मात्र त्याचा ३४ नंबर पुढे कुणालाच दिला नाही, २०२३ मध्ये तो रीतसर रिटायर केला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वालेन्झुएला गेला, डॉजर्स-यांकीज वर्ल्ड सिरीज सुरू व्हायला तीन दिवस होते.