हे फ्लॅटमध्ये झोपंनातच

"मॅडम, वास्तुशांत होऊन चार महिने झाले. सामान सगळं नेलं. पण हे रात्री तिथं थांबंनात. जेवण झालं की स्कूटर काढतात आन् जुन्या घरी जाऊन झोपतात. नवा फ्लॅट काय मी एकटीनं राहायला घेतला का?"

काकू हे बोलत होत्या तेव्हा काका शेजारच्या खुर्चीत बसून हातातल्या किल्ल्यांचा जुडगा फिरवत होते. लातुरातलं हे जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि दोघांच्या संमतीनेच लिहिते आहे.) निवृत्तीच्या आसपास घर बदललेल्या जोडप्यांत एकजण रमतो आणि दुसऱ्याला करमत नाही, ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. बहुतेक वेळा अंगण, शेजार, तुळशीवृंदावन तुटल्याचं ते दुःख असतं आणि सहा-आठ महिन्यांत निवळतं. पहिल्या भेटीत मीही तेच धरून चालले होते. ते चुकलं.

दुसऱ्या भेटीत काकूंनी रत्नागिरीचा विषय काढला. ताबा मिळायच्या आधी, डिसेंबरात दोघं चार दिवस तिकडे गेले होते. काकांचे जुने मित्र भाट्याच्या बाजूला राहतात. तरुणपणी दोघं औशाला बँकेच्या एकाच शाखेत होते, एका खोलीत राहायचे. पुढं मित्राची बदली झाली आणि निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले. काकूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मांडवी, गणपतीपुळे, घावन-चटणी, सगळं छान झालं. "पण त्या वहिनींनी माडीवरची खोली इतकी हौसेनं आवरून ठेवली होती, नवी चादर, तांब्याभांडं. आन् हे रोज पहाटे खाली जाऊन खळ्यात बसायचे! मला इतकं कानकोंडं झालं."

"समुद्राचा आवाज येतो," काका पहिल्यांदाच आपणहून बोलले. "रात्री लई येतो."

मी विचारलं, किती वाजता उठायचात?

"पावणेचारच्या सुमारास."

आमच्या भागात माझ्या वयाच्या कुणालाही ही वेळ सांगावी लागत नाही. मी विचारलं, "काका, त्र्याण्णवला तुम्ही औशातच होतात का?"

किल्ल्यांचा आवाज थांबला.

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, थकून लोक झोपले होते. औशात हे दोघं मित्र धडपडत बाहेर पळाले, उजाडल्यावर मोटारसायकल काढून किल्लारीच्या दिशेनं गेले. बातम्यांत पुढं आकडे आले, मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. यांच्या वाट्याला आली ती एक गल्ली. माळवदाची घरं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात ज्या माळवदानं गारवा दिला, तेच छातीवर आलं होतं. दगड हातानं काढायचे. मग पाऊस सुरू झाला, त्या मातीचा चिखल झाला. एका ठिकाणी बांगड्या भरलेला हात दिसला म्हणून दोघांनी किती तरी वेळ माती उकरली. पुढचं काकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. यांचं लग्न पंच्याण्णवचं. तेव्हापासून काका अंगणात बाजेवर झोपतात, पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत. उकाड्यामुळं, असंच काकू समजत होत्या. डोक्यावर स्लॅब असलेल्या खोलीत या माणसानं सलग रात्र काढलेलीच नव्हती. त्यात समुद्राची गाज. त्या पहाटे आधी जमिनीतून घरघर आली होती, असं काका म्हणाले.

थोड्या वेळानं काकू हळूच बोलल्या, "त्या भाऊजींच्या उशाशी पण बॅटरी होती. आन् पलंगाखाली चपला, दाराकडं तोंड करून. मला वाटलं, कोकणात साप-विंचवाचं असेल."

आता काकूंच्या बाजूचंही ऐकायला हवं होतं. फ्लॅटचा एवढा आग्रह कशासाठी? काकांची समजूत होती की हिला बहिणीच्या बरोबरीनं मिरवायचंय. मी सरळ विचारलं. काकूंनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

"सोळा सालचा उन्हाळा आठवतो का तुम्हाला?"

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात काका दिवसभर बँकेत. टँकरचा हॉर्न ऐकून धावायचं, रांगेत घागरी लावायच्या आणि ड्रम भरायचे, हे काकूंनी केलं. गुडघे तेव्हापासून गेले. फ्लॅट बघायला गेल्या तेव्हा हॉल किती मोठा हे त्यांनी पाहिलंच नाही. बोअर किती फूट, खालची टाकी केवढी, लिफ्ट आहे का, एवढंच विचारलं. रत्नागिरीला जाताना मिरज लागलं, तेव्हा त्यांनी गाडीतूनच हात जोडले होते. मित्राच्या परसातल्या विहिरीच्या काठावर त्या रोज सकाळी नुसत्या उभ्या राहायच्या.

"हे तू मला बोलली नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

फ्लॅट चांगला की जुनं घर, हा वाद त्या दिवसापासून आम्ही बाजूला ठेवला. अशा भीतीला हट्ट म्हणून हिणवलं की ती आणखी आत जाते. आणि तिला पूर्ण जपत बसलं, म्हणजे काकांनी रोज अंगणातच झोपायचं ठरवलं, तरी ती जात नाही. शरीराला थोडं थोडं करून पटवावं लागतं. काकांनी पहिल्या आठवड्यात फ्लॅटमध्ये फक्त दुपारचा चहा घ्यायचा. मग तासभर आडवं व्हायचं, खिडकी उघडी. छातीत धडधडलं तर उठून पळायचं नाही. पाय फरशीला टेकवायचे, श्वास लांब सोडायचा, समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, धडधड उतरेपर्यंत थांबायचं. चौथ्या आठवड्यात पहिली रात्र.

एक गोष्ट मी सहसा सुचवत नाही, इथं सुचवली. शेजारच्या विंगचं काम चालू होतं. तिथल्या इंजिनिअरला भेटून इमारत कशी उभी राहते ते बघा, म्हटलं. काका गेले. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती थोड्या थोड्या अंतरावर रिंगा असतात आणि त्यांची टोकं 135 अंशांत आत वळवलेली असतात, म्हणजे हादऱ्यात त्या उघडत नाहीत, हे त्यानं हाताला धरून दाखवलं. काकांनी बोट घालून रिंगांमधलं अंतर मोजलं. दगड-माती आणि ही चौकट यांतला फरक माझ्या दहा वाक्यांनी झाला नसता इतका त्यांना तिथं कळला. जमीन हलत असताना जिन्याकडे पळायचं नाही, मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, थांबल्यावर जिन्यानंच उतरायचं, हेही दोघांनी घरात करून पाहिलं. बॅटरी आणि चपला दाराशी ठेवायला मी आडकाठी केली नाही.

सगळ्यांचंच एवढ्यावर भागत नाही. झोप महिनोन्‌महिने उडालेली असेल, तेच तेच दिसत असेल, दारूचा आधार लागत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा 14416 वर आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. काकांना मी एकदा तज्ज्ञांकडे पाठवलं. गोळीची गरज पडली नाही.

पहिल्या रात्री काका दोनदा उठले. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून एकदाच, पाणी प्यायला.

सप्टेंबर जवळ आला तसे ते पुन्हा अस्वस्थ झाले. दरवर्षीच होतं, म्हणाले. मी विचारलं, मित्राला बोलावता येईल का? रत्नागिरीहून ते दोघं आले. 29 तारखेच्या रात्री बायका वर झोपल्या आणि हे दोघं थर्मास घेऊन पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसले. काकूंनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "चार वाजून गेले तेव्हा जिन्यात पावलं वाजली. मी जागीच होते. दोघं वर आले, दिवा बंद केला आन् आठपर्यंत उठले नाहीत."