वाचकांचे प्रश्न : विंचचा दोर आणि रुतलेली गाडी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे, आणि पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर चोरल, जानापाव, मानपूर या बाजूंना जाणे होते. माझी फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल गाडी माणसे आणि सामान धरून साधारण २,३०० किलो भरते. गेल्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती अशी रुतली की शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. आता ९,५०० पौंडांचे इलेक्ट्रिक विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारे यंत्र, घेण्याचे ठरवले आहे. दुकानदार लोखंडी तारेचा दोर घ्या म्हणतो, मित्र सिंथेटिक दोराचा आग्रह धरतात, आणि दोन्हींच्या किमतींत बराच फरक आहे. काय घ्यावे, आणि त्याबरोबर आणखी काय लागेल?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दोरापुरते विचाराल तर सिंथेटिक घ्यावा, असे आमचे मत आहे. परंतु आपली गाडी जिथे रुतते ती जमीन लक्षात घेता, दोर कोणता यापेक्षा तो कशात अडकवणार हा प्रश्न आधी सोडवायला हवा, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

प्रथम विंचच्या क्षमतेविषयी. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचे विंच असावे, असा सर्वमान्य नियम आहे. आपल्या गाडीसाठी तो आकडा ३,४५० किलो, म्हणजे सुमारे ७,६०० पौंड येतो. त्यामुळे ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची, आपली निवड योग्य आहे. मात्र हा आकडा ड्रमवर दोराचा केवळ सर्वांत आतला थर शिल्लक असतानाचा असतो. थर जसे वाढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. प्रत्येक थरामागे साधारण दहा ते पंधरा टक्के घट धरावी. झाड पाच-सात मीटरवर असेल आणि उरलेला सगळा दोर ड्रमवरच गुंडाळलेला असेल, तर आपल्या हाती प्रत्यक्षात तीन टनांच्या आसपासच ओढ उरते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा. चाके बुडेपर्यंत चिखलात गेलेली गाडी हलवायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चिखल चाकांवरच्या मडगार्डपर्यंत पोहोचला असेल तर वजनाच्या दुप्पट. आपल्या बाबतीत ही दुप्पट ४,६०० किलो होते, म्हणजे विंचच्या कागदावरच्या क्षमतेपेक्षाही अधिक. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि गाडीच्या पोटाला खालून चिकटून बसते. अशा वेळी विंचचे बटण दाबण्याआधी फावड्याने चाकांपुढची आणि अ‍ॅक्सलखालची माती काढणे हेच सर्वांत परिणामकारक काम असते. त्यामुळे खरेदीच्या यादीत फावडे आणि चाकांखाली घालण्याच्या दोन खाचदार पाट्या विंचच्याही आधी लिहाव्यात. टायरमधली हवा कमी केल्यानेही पुष्कळ फरक पडतो; फक्त डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरण्यासाठी छोटा पंप जवळ असावा.

यानंतर दोर. ८ मि.मी. जाडीचा लोखंडी तारेचा दोर बनावटीनुसार चार ते साडेचार टनांच्या आसपास तुटतो. म्हणजे आपल्या विंचच्या पूर्ण ओढीला त्याच्यापाशी राखीव ताकद जवळजवळ उरतच नाही. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीन धाग्यांपासून विणलेला १० मि.मी.चा चांगला बारापदरी सिंथेटिक दोर आठ-नऊ टनांपर्यंत टिकतो. २८ मीटर तारेचे वजन सात किलोंच्या घरात जाते, तर तेवढ्याच लांबीचा सिंथेटिक दोर दोन किलोंच्या आत बसतो, आणि तो पाण्यावर तरंगतो. चिखलात गुडघाभर उभे राहून दोर ओढत नेणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. तारेच्या दोरातली एखादी तार तुटली की तिचे टोक हातमोज्यातूनही तळहातात घुसते. सिंथेटिकला हा त्रास नाही. शिवाय तो तुटला तर जागेवरच जोडता येतो. तो आतून पोकळ विणलेला असल्यामुळे एक टोक दुसऱ्याच्या पोटात, दोराच्या जाडीच्या सुमारे ७२ पट लांबीपर्यंत, म्हणजे आपल्या दोरासाठी सत्तर-बहात्तर सेंटिमीटर, सरकवून बसवायचे असते. ताण येताच बाहेरची वीण आवळते आणि आतले टोक घट्ट धरून ठेवते. गाठ मात्र कधीही मारू नये, कारण गाठीपाशी या दोराची निम्म्याहून अधिक ताकद जाते.

सिंथेटिक दोराचे दोषही जाणून घ्यावेत. या धाग्याला उष्णता सोसत नाही. तो १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून कमजोर होऊ लागतो. अनेक विंचांमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, आणि उतारावर गाडीचा भार पेलत दोर सोडताना हा ड्रम चांगलाच तापतो. म्हणून भार असताना मोटरने लांबवर दोर सोडू नये आणि ड्रमजवळच्या भागावर उष्णतारोधक आवरण असलेला दोर घ्यावा. दुसरा शत्रू म्हणजे दगडाची धार. चोरल आणि जानापावच्या बाजूचा दगड बेसाल्ट आहे, आणि त्याच्या फुटलेल्या कडेवर ताणलेला दोर घासला तर तो पाहता पाहता कातरला जातो. तिथे दोरावर सरकवायची जाड नळीसारखी बाही वापरावी. आपली वाट नेहमीच खडकांची असती तर आम्ही तारेचा दोर सुचवायला कचरलो नसतो. पण सांवेरच्या शेतवाटेसाठी तो सुचवण्याचे कारण दिसत नाही.

तारेच्या दोरासोबत रोलरचा फेअरलीड, म्हणजे विंचपुढे दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट, येतो. तार वापरलेल्या रोलरवर ओरखडे पडतात आणि ते सिंथेटिकचे धागे उसवतात. म्हणून सिंथेटिकसाठी गुळगुळीत, गोलाकार कडांचा अ‍ॅल्युमिनियमचा फेअरलीड घ्यावा आणि तो खर्च आधीच धरून ठेवावा. नवा दोर बसवल्यावर तो एकदा ताणाखाली गुंडाळणे आवश्यक आहे. मोकळ्या, किंचित चढाच्या रस्त्यावर दोर खांबाला नव्हे तर दुसऱ्या उभ्या गाडीला अडकवावा, आणि एकाने हलका ब्रेक धरून ठेवत दुसऱ्याने विंचने आपली गाडी सावकाश वर ओढत न्यावी. वेटोळी एकमेकांना चिकटून, घट्ट आणि ओळीने बसली पाहिजेत. ढिले गुंडाळलेल्या दोराचा वरचा थर पहिल्याच मोठ्या ओढीत खालच्या वेटोळ्यांमध्ये रुतून बसतो आणि मग तो मोकळा करणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. ड्रमवर तारेची किमान पाच आणि सिंथेटिकची आठ-दहा वेटोळी कायम शिल्लक ठेवावीत.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे. घाटाच्या जंगलात सागाचे भक्कम झाड सापडते. त्याच्या बुंध्याला थेट दोर न गुंडाळता किमान ७५ मि.मी. रुंदीचा पट्टा, शक्य तितका जमिनीलगत, घालावा. त्याने झाडाची सालही वाचते आणि दोरही. पण सांवेरच्या सपाट शेतात बांधावरच्या दोन बाभळी सोडल्या तर अडकवायला काही नसते, आणि पावसात भिजलेल्या बांधावरची बाभूळ मुळासकट बाहेर येऊ शकते. सुटे चाक खोल खड्डा खणून पुरून त्याला दोर बांधण्याची युक्ती आहे, मात्र चिकट मातीत ती फार कष्टाची ठरते. अशा ठिकाणी दुसरी गाडी हाच खरा आधार. ती घट्ट जमिनीवर, चाकांपुढे मोठे दगड लावून उभी करावी.

कप्पी अवश्य घ्यावी. दोर कप्पीतून परत आपल्या गाडीच्या हुकापर्यंत आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि ड्रमवरचे थर कमी होत असल्याने विंचही सुखात राहते. मात्र कप्पी ज्या पट्ट्याला आणि शॅकलला (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीला) अडकवली आहे त्यांच्यावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, हे दुकानात फारसे कुणी सांगत नाही. दोरात अडीच टनांचा ताण असेल, तर झाडाकडच्या शॅकलवर पाच टन पडतात. १९ मि.मी.च्या बो शॅकलची सुरक्षित भारमर्यादा ४.७५ टन असते; कप्पीसाठी २५ मि.मी.चा, ८.५ टनांचा घेणे आम्हाला अधिक योग्य वाटते. ही मर्यादा शॅकलवर ठसठशीत उमटवलेली असते. जिच्यावर आकडा नाही ती वस्तू कितीही जाड दिसली तरी घेऊ नये.

एक शेवटची सूचना विजेविषयी. पूर्ण भाराला हे विंच सुमारे ४०० अँपिअर ओढते आणि तेवढा पुरवठा गाडीचा अल्टरनेटर करू शकत नाही. उरलेला सारा बोजा बॅटरीवर पडतो. इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओढावे आणि मध्ये विसावा द्यावा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधील एका सदस्याने लोहा मंडीतून क्रेनचा जुना वायर रोप स्वस्तात आणला आहे. एका गाडीने दुसरीला झटका देऊन काढण्यासाठी तो वापरता येईल का? मागे ट्रेलर जोडण्याचा गोळा, म्हणजे टो बॉल, आहेच.
– एक वाचक, महू

उत्तर : नाही, आणि दोन्ही गोष्टींना नाही. झटका देऊन ओढण्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा दोर किंवा पट्टा लागतो. चांगला कायनेटिक दोर आपल्या लांबीच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि पट्टा २० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो. हा ताण साठतो आणि रुतलेल्या गाडीला हळुवार पण जोरकस ओढ देतो. तार किंवा साखळी ताणली जात नाही, त्यामुळे सगळा धक्का एका क्षणात हुकावर, चासीवर किंवा दोरावर येतो आणि त्यातले जे कच्चे असेल ते तुटते. याच कारणाने विंचचा सिंथेटिक दोरही झटक्यासाठी वापरू नये. तोही फारसा ताणला जात नाही. उलट कायनेटिक दोर विंचच्या दोराला लांबी वाढवण्यासाठी जोडणे तितकेच चुकीचे आहे.

टो बॉल ट्रेलरचा भार सावकाश ओढण्यासाठी बनवलेला असतो. झटक्यात तो मोडून गोळ्यासारखा उडाल्याने परदेशात माणसे दगावलेली आहेत. चासीला बोल्टने बसवलेला, भारमर्यादा लिहिलेला रिकव्हरी पॉइंटच, म्हणजे रुतलेली गाडी ओढण्यासाठीचा खास हुकच, वापरावा. बंपरखाली कंपनीने दिलेला लहानसा गोल हुक अनेकदा फक्त ट्रकवर गाडी बांधण्यासाठी किंवा सपाट रस्त्यावर टोचन करण्यासाठी असतो. मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले असते.

कायनेटिक दोराची तुटण्याची क्षमता दोन्हींपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. त्याहून फार जाड घेतल्यास तो ताणलाच जात नाही आणि पैसे वाया जातात.

प्रश्न : सिंथेटिक दोर तुटला तरी इजा होत नाही असे म्हणतात. मग चादर टाकणे, लांब उभे राहणे याची गरज उरते का?
– एक वाचक, देवास

उत्तर : गरज उरते. सिंथेटिक दोर स्वतः हलका असल्याने त्याचा फटका तारेइतका घातक नसतो, हे खरे. पण दोराऐवजी हुक किंवा शॅकलचे बोल्ट सुटले, तर ते लोखंड दोरासोबतच उडते. दोराच्या मधोमध जाड ओली ताडपत्री किंवा डॅम्पर टाकावा, दोराच्या दोन्ही बाजूंना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभे राहू नये, आणि ताणलेला दोर ओलांडून जाऊ नये. बघ्यांना मागे सारणे हे आपल्याकडे सर्वांत अवघड काम आहे. ते एका माणसाकडे सोपवावे आणि त्याने दुसरे काही करू नये.

प्रश्न : विंचसाठी पुढे लोखंडी बंपर बसवला तर आर.टी.ओ.ची अडचण येईल का? आणि दोर बदलायची वेळ झाली हे कसे ओळखावे?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्ड (गाडीच्या पुढे बसवायचे लोखंडी कठडे) मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन करतात असे कळवले होते. अशा गार्डमुळे पादचाऱ्याला अधिक इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरचे कामही बिघडू शकते. मूळ बंपरच्या आत बसणारी विंच-प्लेट हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. तरीही पैसे मोजण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

दोराचे म्हणाल तर, तारेत तुटक्या तारा, मुरड, चपटेपणा किंवा पिंजऱ्यासारखा फुगलेला भाग दिसला की ती बाद समजावी. सिंथेटिकमध्ये किंचित केसाळपणा स्वाभाविक आहे, पण एखाद्या ठिकाणी जाडी चतुर्थांशाने घटली असेल किंवा धागे वितळून काचेसारखे चकचकीत व कडक झाले असतील, तर तो भाग कापून दोर पुन्हा जोडावा. चिखलाचे काम झाल्यावर सगळा दोर उलगडून साध्या पाण्याने धुवावा, कारण वाळलेल्या मातीचे कण विणीच्या आत शिरून प्रत्येक ओढीत धागे कापत राहतात. तो सावलीत वाळवावा, आणि गाडी उन्हात उभी राहत असेल तर ड्रमवर कापडी आवरण घालावे.