वाचकांचे प्रश्न : अंदमानातून लक्षद्वीप, तीन तासांत?

प्रश्न : यंदा केळीला बरा भाव मिळाला. डिसेंबरात अंदमान करून तिथूनच लक्षद्वीपला जाऊ, असं मुलगा म्हणतो. मोबाइलवर पोर्ट ब्लेअर ते अगत्ती २,२५० किलोमीटर आणि विमानाला तीन तास दाखवतं. तिकीट बघावं तर दुसरा दिवस उजाडतो. खरं काय धरायचं?
– एक वाचक भगिनी, फैजपूर

उत्तर : ताई, अंतर खरं आहे. तीन तास मात्र कागदावरचे. दोन विमानतळांमधली सरळ रेषा मोजायची आणि जेटच्या वेगाने भागायची, एवढाच तो हिशेब. त्या रेषेवरून थेट प्रवासी विमान जात नाही. पोर्ट ब्लेअरची (आता श्री विजयपुरम) धावपट्टी ३,२०० मीटरहून लांब, तिथे एअरबस सहज उतरते. अगत्तीची जेमतेम १,२०० मीटर. बेटच चिंचोळं, पट्टी वाढवायला जमीन कुठून आणणार? म्हणून तिथे एटीआर-७२ सारखी पंख्यांची विमानं जातात, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुलाला दोरा घेऊन बसवा. भूगोल शिकवताना मी वर्गात हेच करून घ्यायचो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर हे अंतर सव्वापाच सेंटीमीटर भरतं. दोरा ताणला की तो चिदंबरमच्या आसपास तमिळनाडूत शिरतो, इरोड-तिरुपूरजवळून जातो आणि कोळिकोडच्या थोडं दक्षिणेला पुन्हा समुद्रावर निघतो. म्हणजे चेन्नई आणि कोची दोन्ही वाटेला लागूनच. पोर्ट ब्लेअर-चेन्नई १,३७०, चेन्नई-कोची ५२०, कोची-अगत्ती ४६०; बेरीज २,३५०. वळसा पडतो फक्त शंभर किलोमीटरचा! हवेतले तासही पाचच. बाकी सगळा वेळ विमानतळावर बसण्यात जातो.

तेव्हा तिन्ही विमानं एका दिवसात बसवायचा हट्ट नको. कोचीला रात्रीचा मुक्काम ठेवाच. अगत्तीचं विमान चुकलं तर मागोमाग दुसरं मिळत नाही, आणि पुढचं सगळं बुकिंग कोलमडतं. लेकरांना घेऊन अशी धावपळ करू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या भागातून तर याहून सोयीचा मार्ग आहे. भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने अंदमान. परतताना चेन्नई, कोची, अगत्ती करून पुन्हा कोचीला या आणि एर्नाकुलमहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस धरा. ती थेट भुसावळला सोडते.

दिवस आखताना उजेडाचाही विचार करा. दोन्ही बेटांच्या रेखांशात साडेवीस अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं म्हणजे ८२ मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, अगत्तीला सहा वाजून गेले तरी ऊन असतं. अंदमानात फिरणं पहाटेपासून सुरू करा, दुपारच्या जेवणानंतर लांबचा बेत नको.

आणि तिकिटांआधी परवाना. पोर्ट ब्लेअरला आपल्याला तो लागत नाही, लक्षद्वीपला भारतीयांनाही लागतो. घरातल्या प्रत्येकाचा हातात पडल्यावरच अगत्तीचे पैसे भरा.