हॉटस्पॉट ‘देतात’, नेट ‘घेतात’

प्रश्न असा आला आहे : गावच्या वाचनालयात लावायला सूचना लिहायची आहे. फोनचं इंटरनेट वायफायवरून कंप्युटरला द्यायचं, याला मराठीत काय म्हणावं? कोणी त्याच्या ‘टेदरिंग’ या इंग्रजी नावासाठी ‘दावे’ सुचवलं, कोणी ‘आंतरजाल सामायिकीकरण’.

‘दावे’ सुचवणाऱ्याला दाद द्यायला हवी. इंग्रजीतला ‘टेदर’ हा शब्द खरंच चरणाऱ्या जनावराला बांधायच्या दोरीचा, म्हणजे आपल्या दाव्याचाच. पण घोळ इथेच होतो. ‘फोनच्या दाव्याला कंप्युटर जोडा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला आधी कोर्ट आठवणार, कारण दावं आणि दावा दोन्हींचं सामान्यरूप ‘दाव्या-’च. ‘दावण’ घ्यावी, तर कोणाच्या तरी दावणीला बांधलं जाणं आपल्याकडे चांगल्या अर्थाने कधीच येत नाही. शिवाय वायफायमध्ये दोरी कुठे आहे? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येही वायफायला हॉटस्पॉट म्हटलंय; टेदरिंग हा शब्द केबलच्या आणि ब्लूटूथच्या पर्यायाला लावलाय.

‘सामायिक’चं दुखणं वेगळं. सामाईक विहीर, सामाईक बांध यांत मालकी सगळ्यांची असते. इथे डेटा एकाचा, वापर दुसऱ्याचा, आणि पॅक संपला तर भुर्दंड पहिल्याला! ‘सामायिकीकरण’ तर बोलून बघा, जीभ अडखळते.

लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय, आणि तोही नामाने नाही, क्रियापदाने. ‘जरा हॉटस्पॉट दे ना.’ ‘लॅपटॉपला फोनवरून नेट घेतलंय.’ शेजारून वायर टाकून लाईट घेतात, तसंच. देणं-घेणं आलं की कोणाचं काय आणि कोण वापरतंय, हे आपोआप कळतं.

गंमत म्हणजे वायफायचा हॉटस्पॉट मुळात जागा होती. कॅफे, विमानतळ, किंवा २०१६च्या जानेवारीत मोफत वायफाय सुरू झालेलं मुंबई सेंट्रल स्टेशन. अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत, २०१० साली, फोनच हॉटस्पॉट होऊ लागला. आयफोनमध्ये ही सोय २०११ला आली. जागा खिशात आल्यावर ती ‘देता’ येऊ लागली.

तेव्हा ‘हॉटस्पॉट’ खुशाल ठेवा. तो पुल्लिंगी झालाय : हॉटस्पॉट चालू केला, बंद पडला. टेबलाला, पेनाला असं आपण म्हणतो, पण ‘हॉटस्पॉटाला’ मी तरी अजून ऐकलेलं नाही. ‘हॉटस्पॉटला’ असंच लिहा.

सूचनेत मात्र ‘फोन कंप्युटरला जोडा’ एवढंच लिहू नका. लोक केबल शोधत बसतील. मी असं लिहीन :

‘फोनचा हॉटस्पॉट चालू करा. कंप्युटरवर वायफायच्या यादीत तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव दिसेल, ते निवडा. हॉटस्पॉटचा पासवर्ड फोनच्या सेटिंगमध्ये दिसतो, तो कंप्युटरवर टाका. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा, नाहीतर कंप्युटर अपडेट घेत राहील आणि तुमचा डेटा संपेल.’